खेळाडूची वाणी : वॉल्ट फ्रेझियर यांच्या समालोचनभाषेचा विचार

१

खेळाडू निवृत्त होऊन ध्वनिक्षेपकापुढे बसला, की त्याच्या बोलण्याला अधिकार आपोआप प्राप्त होतो, असे सर्वत्र गृहीत धरले जाते. ज्याने खेळ खेळला त्यालाच त्याचे मर्म ठाऊक, आणि ज्याला मर्म ठाऊक त्याला ते सांगताही येणारच, अशी ही दुपदरी समजूत आहे. यांपैकी पहिले विधान बव्हंशी मान्य होण्यासारखे आहे. दुसरे मात्र पारखून घेतले पाहिजे. याच समजुतीचे एक भावंड आपल्या वाङ्मयविचारातही दीर्घकाळ नांदत आले आहे. अनुभव उत्कट असला म्हणजे त्याला अनुरूप शब्द आपसूक लाभतात, आणि जेथे शब्दांसाठी खटपट केलेली दिसते तेथे अनुभवच उणा असला पाहिजे, असे ते भावंड सांगते. खेळाडूच्या समालोचनाचा विचार या दृष्टीने केवळ करमणुकीच्या क्षेत्रातला राहत नाही. अनुभव आणि भाषा यांच्यामधले अंतर किती असते, ते कोणत्या साधनांनी तोडले जाते, हा प्रश्न तेथे उघड्यावर तपासता येतो. कारण तेथे बोलणारा, त्याचा पूर्वानुभव आणि त्याच्या समोर घडणारी वस्तुस्थिती ही तिन्ही श्रोत्याच्या परिचयाची असतात.

या तपासणीसाठी अमेरिकेतील बास्केटबॉलपटू वॉल्ट फ्रेझियर यांचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. न्यूयॉर्क निक्स या संघाचे ते एके काळचे अग्रगण्य खेळाडू. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते त्याच संघाच्या सामन्यांचे नभोवाणीवरील विश्लेषक झाले, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस दूरचित्रवाणीकडे वळले. नेस्मिथ यांच्या नावे असलेल्या बास्केटबॉल कीर्तिमंदिरात १९८७ साली खेळाडू म्हणून त्यांचा समावेश झाला. त्याच संस्थेने २०२२ साली प्रक्षेपणक्षेत्रातील कामगिरीबद्दलचा कर्ट गाउडी पुरस्कार त्यांना दिला. एकाच व्यक्तीला एकाच संस्थेकडून दोन वेगळ्या कर्तृत्वांसाठी मिळालेल्या या मान्यतांमध्ये पस्तीस वर्षांचे अंतर आहे. या अंतरात फ्रेझियर यांनी काय मिळवले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२

फ्रेझियर यांचा जन्म २९ मार्च १९४५ रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरी झाला. नऊ भावंडांत ते थोरले. वर्णभेदाच्या कायद्यांनी विभागलेल्या दक्षिणेत, केवळ कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या शाळेच्या खडबडीत मातीच्या मैदानावर ते बास्केटबॉल शिकले. पुढे सदर्न इलिनॉय विद्यापीठात असताना, शैक्षणिक अर्हतेच्या अभावी १९६५–६६ च्या हंगामात त्यांना खेळता आले नाही. १९६७ साली याच विद्यापीठाच्या संघाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील राष्ट्रीय निमंत्रितांची स्पर्धा जिंकली. त्या स्पर्धेचे सर्वोत्कृष्ट खेळाडू फ्रेझियर ठरले आणि त्याच वर्षी निक्स संघाने त्यांची निवड केली. १९७० आणि १९७३ या दोन्ही वर्षी निक्सने व्यावसायिक अजिंक्यपद मिळवले, त्यांत त्यांचा वाटा मोठा होता. बचावात प्रवीण अशा पहिल्या पाच खेळाडूंमध्ये त्यांची सात वेळा गणना झाली. १९७७ साली त्यांना क्लीव्हलँडच्या संघाकडे धाडण्यात आले आणि दशक संपता संपता त्यांचे खेळणे थांबले.

मैदानावरील फ्रेझियर यांचा लौकिक शांतपणाचा होता. जिंकताना वा हरताना त्यांच्या चेहऱ्यावर भावना उमटत नसत. मैदानाबाहेर मात्र रुंद काठाची टोपी आणि भपकेदार पोशाख यांमुळे ते गाजले. ‘बॉनी अँड क्लाइड’ या १९६७ च्या चित्रपटातील नायकाच्या टोपीशी असलेल्या साम्यामुळे ‘क्लाइड’ हे टोपणनाव त्यांना चिकटले ते कायमचेच. मैदानावर संयम आणि मैदानाबाहेर अलंकार, ही विभागणी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण समालोचक झाल्यावर हे दोन्ही गुण त्यांच्या भाषेत एकत्र आले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खेळाडूचे ज्ञान हे मूलतः शब्दरूप नसते. प्रतिस्पर्ध्याच्या कंबरेच्या कलावरून तो कोणत्या बाजूस जाणार हे ओळखणे, चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच त्याचा मार्ग हेरणे, ही देहाने आत्मसात केलेली जाण आहे. सामना चालू असताना खेळाडू परस्परांशी बोलतात ते एकेका शब्दाच्या हाकांनी, आणि त्या हाका कळणारे चौघेच असतात. समालोचकाला याच्या उलट स्थितीत बोलावे लागते. त्याचा श्रोता अनोळखी, असंख्य आणि नभोवाणीच्या बाबतीत तर दृष्टीपलीकडचा असतो. म्हणजे खेळाडूपाशी ज्ञान असते, परंतु त्या ज्ञानाची श्रोताभिमुख भाषा त्याच्यापाशी असेलच असे नाही. ती त्याला जवळजवळ दुसऱ्या भाषेसारखी शिकावी लागते.

फ्रेझियर यांनी ती अक्षरशः शिकली. त्यांनी स्वतः वेळोवेळी सांगितल्याप्रमाणे, रविवारच्या न्यूयॉर्क टाइम्समधील नाट्य व कलाविषयक परीक्षणे वाचून त्यांतील शब्द आणि वाक्प्रचार ते वहीत उतरवून घेत, समानार्थी शब्दांचा कोश चाळत आणि निवडलेल्या शब्दांचा सराव करीत. क्रीडावृत्ते वगळून नाट्यपरीक्षणांकडे वळण्यात एक मार्मिक दृष्टी आहे. नाट्यपरीक्षकालाही देहाने केलेल्या, क्षणात विरून जाणाऱ्या कृतीचेच मूल्यमापन शब्दांनी करावयाचे असते. २००१ साली फ्रेझियर यांनी तरुण वाचकांसाठी शब्दसंपत्तीवर ‘वर्ड जॅम’ हे पुस्तकही प्रसिद्ध केले. खेळाडूने शब्दांचे पुस्तक लिहावे, ही घटना त्यांच्या भाषिक साधनेचे स्वरूप पुरेसे स्पष्ट करते.

३

खेळाची स्मृती घडविण्यात बोललेल्या वाक्याचा वाटा किती असतो, याचे एक लक्षणीय उदाहरण फ्रेझियर यांच्याच कारकीर्दीत सापडते. ८ मे १९७० रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लॉस एंजलिस लेकर्सविरुद्ध अंतिम मालिकेचा सातवा व निर्णायक सामना झाला. निक्सचे कर्णधार विलिस रीड जायबंदी होते आणि ते खेळतील की नाही, याविषयी शंका होती. सामन्यापूर्वी ते लंगडत मैदानाकडे येताना दिसले. दूरचित्रवाणीवर त्या क्षणी ही वार्ता सांगणारे विश्लेषक जॅक ट्वायमन हे स्वतः निवृत्त व्यावसायिक खेळाडू होते. रीड यांनी आरंभीचे दोन चेंडू कड्यात टाकले आणि प्रेक्षागृह दणाणून गेले. निक्सने तो सामना ११३–९९ असा जिंकला.

त्या रात्री रीड यांनी तेवढे दोनच चेंडू टाकले. फ्रेझियर यांनी मात्र ३६ गुण केले, आणि ज्यातून थेट गुण होतात असे १९ पास दिले. तथापि लोकस्मृतीत तो सामना ‘रीड यांचा सामना’ म्हणूनच राहिला. यात अन्याय शोधण्याचे कारण नाही. रीड यांच्या धैर्याने संघात चैतन्य आले, हेही खरेच. परंतु भाषेच्या अभ्यासकाने यातून एक बोध घ्यावयास हवा. लंगडत येणारा कर्णधार ही एका वाक्यात सांगता येण्याजोगी घटना होती, आणि ते वाक्य योग्य क्षणी उच्चारले गेले. ३६ गुण आणि १९ पास ही दोन तासांत विखुरलेली क्रिया होती. तिला सामावून घेणारे वाक्य कोणापाशी तयार नव्हते. ज्या कर्तृत्वाला शब्दरूप मिळत नाही ते आकडेवारीत उरते, पण स्मृतीत मागे पडते.

४

बास्केटबॉलच्या समालोचनात दोन व्यक्तींमध्ये कामाची वाटणी असते. एक धावते वर्णन करतो : चेंडू कोणापाशी आहे, कोणी फेकला, गुण झाला की नाही. दुसरा विश्लेषक, जे घडले त्याचे कारण आणि मूल्य सांगणे हे त्याचे काम. निवृत्त खेळाडू बहुधा या दुसऱ्या आसनावर बसतो. निक्सच्या परंपरेत पहिले आसन मार्व्ह अल्बर्ट आणि पुढे माइक ब्रीन यांच्यासारख्या व्यावसायिक निवेदकांनी भूषविले.

चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९८३ साली ‘लँग्वेज इन सोसायटी’ या नियतकालिकात क्रीडानिवेदकांच्या भाषेचा एक स्वतंत्र प्रयुक्ती म्हणून, म्हणजे विशिष्ट व्यवहाराशी निगडित असे भाषेचे रूप म्हणून, विचार केला. वाक्यारंभीच्या कर्त्याचा व सहायक क्रियापदाचा लोप, पदक्रमातील उलटापालट, नामाभोवती रचलेली विशेषणांची उतरंड, साध्या वर्तमानकाळाचा विशिष्ट वापर आणि ठराविक शब्दबंधांची पुनरावृत्ती, ही लक्षणे त्यांनी नोंदविली. ही लक्षणे उगम पावतात ती वेळेच्या दडपणातून. घटना आणि वाक्य यांची शर्यत लागलेली असते, आणि वाक्य मागे पडून चालत नाही.

हे दडपण सर्व खेळांत सारखे नसते. बाळ ज. पंडित यांच्या क्रिकेट-समालोचनाची सवय असलेल्या मराठी श्रोत्याला ठाऊक आहे, की दोन चेंडूंमधील अवकाशात समालोचकाला क्षेत्ररचना सांगता येते, एखादी आठवण सांगता येते, प्रसंगी विनोदही करता येतो. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये १९५४ पासून २४ सेकंदांचा नियम आहे. तेवढ्या अवधीत संघाने चेंडू कड्याकडे फेकलाच पाहिजे. गुण होताच चेंडू पुन्हा खेळात येतो आणि धावते वर्णन करणाऱ्याला बोलावेच लागते. नभोवाणीवर तर त्याची वाणी क्षणभरही थांबू शकत नाही. परिणामी विश्लेषकाच्या वाट्याला दोन वर्णनांमधले काही क्षणच येतात. कार्यकारणभाव उलगडून सांगणारे मिश्र वाक्य त्यात मावत नाही. फ्रेझियर यांची जी शैली पुढे प्रसिद्ध झाली, तिचा विचार या चिंचोळ्या फटीच्या संदर्भातच केला पाहिजे.

५

या शैलीचा सर्वांत ठळक विशेष म्हणजे सयमक शब्दयुग्मे : डिशिंग अँड स्विशिंग, पोस्टिंग अँड टोस्टिंग, स्वूपिंग अँड हूपिंग, व्हीलिंग अँड डीलिंग, बाउंडिंग अँड अस्टाउंडिंग, स्टंबलिंग अँड बंबलिंग. वरवर ऐकणाऱ्याला ही सगळी एकाच साच्यातून पडलेली वाटतात. बारकाईने पाहिल्यास त्यांत तीन प्रकार दिसून येतात, आणि या शैलीचे मूल्यमापन त्या प्रकारभेदावरच अवलंबून आहे.

पहिला प्रकार क्रिया व क्रिया यांच्या युग्माचा. ‘डिशिंग’ म्हणजे वाढणे. पानात अन्न वाढावे तसा सहकाऱ्याच्या हाती चेंडू देणे. ‘स्विशिंग’ हा ध्वन्यनुकारी शब्द. कड्याला स्पर्श न करता चेंडू जाळीतून गेला असता होणारा आवाज त्यात आहे. नभोवाणीवरील बास्केटबॉल-वर्णनात ‘स्विश’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय निक्सचे आद्य निवेदक मार्टी ग्लिकमन यांना दिले जाते. न पाहणाऱ्या श्रोत्याला डोळ्यांऐवजी कानांनी चेंडू दाखविण्याची ती युक्ती होती. ‘पोस्टिंग’ म्हणजे कड्याजवळ बचाव करणाऱ्याकडे पाठ करून जागा धरणे, आणि ‘टोस्टिंग’ म्हणजे बोलीभाषेत त्या प्रतिस्पर्ध्याला पुरते भाजून काढणे. ‘स्वूपिंग’ ही घारीची झेप, ‘हूपिंग’ हे कड्यात चेंडू टाकणे. या प्रत्येक युग्मात पहिला शब्द आरंभ सांगतो आणि दुसरा परिणती. याकोव्ह माल्किएल यांनी १९५९ साली ‘लिंग्वा’ या नियतकालिकात ज्यांचा क्रम उलटवता येत नाही अशा शब्दयुग्मांची मीमांसा केली होती. फ्रेझियर यांच्या युग्मांचा क्रम उलटवता येत नाही, तो केवळ रूढीमुळे नव्हे. आधी वाढले पाहिजे, मग घास. आधी जागा धरली पाहिजे, मग मात. शब्दांचा क्रम हा खेळातील घटनांचाच क्रम आहे. विस्ताराने सांगावयाचे झाल्यास जे कार्यकारणभावाचे वाक्य झाले असते, ते येथे ‘अँड’ या एका अव्ययाच्या दोन बाजूंना आटोपशीर बसविले आहे.

‘व्हीलिंग अँड डीलिंग’ याचे वैशिष्ट्य आणखी वेगळे आहे. हा वाक्प्रचार इंग्रजीत आधीपासून आहे आणि व्यवहारातील चतुर, काहीसे आडमार्गी डावपेच असा त्याचा रूढ अर्थ आहे. फ्रेझियर तो मैदानावर आणतात तेव्हा ‘व्हीलिंग’ला चाकासारखे गरकन फिरणे हा शब्दशः अर्थ पुन्हा प्राप्त होतो, आणि ‘डीलिंग’ला पत्ते वाटावेत तसा चेंडू वाटणे हा. लक्षणा झिजून रूढ झालेल्या शब्दांना त्यांची अभिधा परत मिळते, आणि चातुर्याची मूळ छटाही मागे रेंगाळत राहते.

दुसरा प्रकार क्रिया व मूल्य यांच्या युग्माचा. ‘बाउंडिंग’ म्हणजे कड्यावरून उसळलेला चेंडू हस्तगत करणे. ‘अस्टाउंडिंग’ म्हणजे थक्क करणारे. येथे घटनाक्रम नाही. वर्णनाला निर्णय जोडलेला आहे. तिसऱ्या प्रकारात दोन्ही शब्द जवळजवळ समानार्थी : ‘स्टंबलिंग’ म्हणजे ठेचकाळणे, ‘बंबलिंग’ म्हणजे गोंधळाने चुकत जाणे. दुसरा शब्द पहिल्याचा पडसादच होय.

मराठीच्या अभ्यासकाला हा भेद परका वाटू नये. ‘उठबस’, ‘येजा’, ‘देवाणघेवाण’ या शब्दांत दोन्ही घटक सार्थ असून दोन स्वतंत्र क्रिया दाखवितात. ‘मोडतोड’ या शब्दात दोन जवळचे अर्थ एकमेकांना बळ देतात. ‘शेजारीपाजारी’, ‘दगडबिगड’ यांसारख्या अंशाभ्यस्त शब्दांत मात्र दुसरा घटक निव्वळ नादासाठी येतो. आपले व्याकरण हा भेद रचनेच्या वर्गीकरणासाठी करते. येथे तो शैलीच्या परीक्षणासाठी उपयोगी पडतो. यमकाने दोन भिन्न क्रिया जोडल्या असतील तर ते यमक अर्थवाही. यमकाने एकाच अर्थाला दोनदा वाजविले असेल तर ते नादापुरते, असा निकष प्रथमदर्शनी मांडता येईल.

परंतु हा निकष जसाच्या तसा लावता येत नाही. ‘स्टंबलिंग अँड बंबलिंग’ हे युग्म कोणत्या प्रसंगी येते हे पाहिले, की त्याचे वेगळे प्रयोजन ध्यानात येते. ते दोषदर्शनाच्या प्रसंगी येते. फ्रेझियर बोलतात ती वाहिनी संघाच्याच मालकवर्गाशी दीर्घकाळ संबंधित राहिलेली. ज्यांच्याविषयी ते बोलतात ते खेळाडू त्यांच्याच जुन्या संघाचे. २००० नंतरच्या दोन दशकांत निक्सच्या वाट्याला पराभवाचे हंगाम वारंवार आले, आणि फ्रेझियर यांनी आपल्या संघाचे दोष झाकले नाहीत, असा त्यांचा लौकिक आहे. अशा वेळी स्पष्ट शब्दांत केलेली टीका कटू होते आणि मौन पाळणे श्रोत्याशी प्रतारणा ठरते. यमकाच्या नादाने दोषाला किंचित हास्याचा स्पर्श होतो, आणि जो दोष उच्चारणे अवघड होते तो उच्चारता येतो. अर्थाच्या दृष्टीने पुनरुक्त असलेला शब्द येथे सामाजिक व्यवहाराच्या दृष्टीने आवश्यक ठरतो. म्हणून युग्माची सार्थता केवळ कोशातील अर्थावरून ठरविणे अपुरे आहे. ते कोणी, कोणाविषयी आणि कोणत्या बंधनात उच्चारले, हेही पाहिले पाहिजे.

व्याकरणाच्या अंगाने आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ही सर्व युग्मे धातुसाधितांची आहेत आणि सहायक क्रियापदाविना येतात. धावते वर्णन करणारा साधा वर्तमानकाळ वापरतो; त्याचे प्रत्येक वाक्य एकेका कृतीला बांधलेले असते. विश्लेषकाचे धातुसाधित काळापासून सुटलेले असते. ते एका कृतीविषयी बोलत असतानाच तिच्यासारख्या आधीच्या कृतींनाही कवेत घेते. ‘डिशिंग अँड स्विशिंग’ हे संघाविषयी म्हटले तर एकाने देणे आणि दुसऱ्याने टाकणे असा क्रम सूचित होतो. एकाच खेळाडूविषयी म्हटले तर देणे आणि टाकणे ही दोन्ही कौशल्ये त्याच्या ठायी आहेत, असा अर्थ होतो. या दुसऱ्या अर्थाने पाहता, ३६ गुण आणि १९ पास ही विखुरलेली क्रिया ज्या वाक्यात मावू शकली नव्हती, ती या दोन शब्दांत नेमकी मावते. फ्रेझियर यांनी हे युग्म त्या रात्रीच्या आठवणीने घडविले, असे म्हणण्यास आधार नाही आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. संपूर्ण सामन्यातील कर्तृत्वाचा एका श्वासात उच्चार करण्याची जी भाषिक सोय १९७० साली उपलब्ध नव्हती, ती त्यांनी पुढल्या पिढीच्या खेळाडूंसाठी निर्माण केली, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

६

फ्रेझियर यांच्या भाषेचा दुसरा थर ग्रीक-लॅटिन कुळातील दीर्घ विशेषणांचा व नामांचा आहे : टेनेशस, ऑम्निप्रेझेंट, प्रीकोशस, निओफाइट. पहिल्या थरातील शब्द आखूड, घरगुती आणि बोलीतले. या थरातील शब्द ग्रांथिक. हे मिश्रण बेशिस्त आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः त्यात कामाची स्पष्ट वाटणी आढळते. देहाच्या कृतीसाठी आखूड शब्द, खेळाडूच्या स्वभावासाठी वा स्थितीसाठी दीर्घ शब्द. एखादा खेळाडू मैदानावर ‘स्वूपिंग अँड हूपिंग’ करतो. परंतु तो असतो ‘टेनेशस’, चिवट. नवखा असूनही अकाली परिपक्व असेल तर ‘प्रीकोशस निओफाइट’. मराठीत देशी व तद्भव शब्दांनी कृतीचे चित्र रंगवावे आणि तत्सम शब्दांनी तिच्यावर अभिप्राय द्यावा, असे जे आपल्या गद्यात वारंवार घडते, त्याच्याशी ही वाटणी ताडून पाहण्यासारखी आहे.

या थराविषयी आक्षेप घेतले जातात ते अधिक गंभीर आहेत. खेळाडूच्या तोंडी ग्रांथिक शब्द कृत्रिम वाटतात. कोशातून उचललेला शब्द अनुभवातून आलेला नसतो. त्याने आपल्या स्वाभाविक बोलीत बोलावे, हे बरे, असा हा आक्षेप आहे. त्याच्या मुळाशी असलेले गृहीतकृत्य उघड केले पाहिजे. स्वाभाविक बोली म्हणजे कोणती? ज्याने वर्णभेदाच्या काळातील दक्षिणेत, अपुऱ्या साधनांच्या शाळेत शिक्षण घेतले, त्याने आयुष्यभर त्याच शब्दसंग्रहात राहावे, अशी अपेक्षा स्वाभाविकतेच्या नावाखाली केली जात नाही काय? विद्यापीठातील अध्यापकाचेही ग्रांथिक शब्द उपजत नसतात. तोही ते ग्रंथांतूनच मिळवितो. फरक इतकाच, की त्याच्या शिकण्याच्या खुणा कालांतराने बुजतात, आणि त्या बुजलेल्या असणे हीच विद्वत्तेची खूण मानली जाते. फ्रेझियर यांनी त्या खुणा बुजविल्या नाहीत. शब्द मिळविल्याचा आनंद त्यांच्या उच्चारात ऐकू येतो, आणि त्यांच्या श्रोत्यांना ती वाणी प्रिय झाली ती बऱ्याच अंशी या आनंदामुळे.

याचा अर्थ ही शैली निर्दोष आहे, असा नव्हे. तिचा खरा दोष कृत्रिमता हा नसून पुनरावृत्ती हा आहे. प्रत्येक हंगामात ऐंशीहून अधिक सामने, आणि त्यांत तीच युग्मे. ‘डिशिंग अँड स्विशिंग’ हे प्रथम ऐकताना क्रम, ध्वनी आणि प्रतिमा या तिन्हींचा प्रत्यय येतो. शंभराव्यांदा ऐकताना ते समालोचकाचे चिन्ह होऊन बसते. शब्द मग खेळाकडे बोट दाखवीत नाही, बोलणाऱ्याकडे दाखवितो. श्रोता चांगल्या पासची वाट न पाहता यमकाची वाट पाहू लागला, की वर्णनाची जागा सोहळ्याने घेतली असे समजावे. मौखिक परंपरेतील ठराविक शब्दबंधांना हा धोका नेहमीच असतो. कीर्तनकाराची ठेवणीतली पदे आणि शाहिराच्या ठरलेल्या ललकाऱ्या श्रोत्याला हव्याही असतात, आणि नवे ऐकण्याच्या आड येतातही. फ्रेझियर यांच्या समालोचनात हे दोन्ही घडते. परंतु मैदानावर अनपेक्षित असे काही घडताच ते ठेवणीतले युग्म बाजूस सारून बचावातील नेमकी चूक साध्या वाक्यात सांगतात, आणि तेव्हा खेळाडूची मूळ जाण अलंकाराविना प्रकट होते. त्यांच्या भाषेची खरी कसोटी अशा ठिकाणी लागते, आणि तेथे ती उतरते.

७

हा निष्कर्ष एका व्यक्तीच्या वैचित्र्यापुरता मर्यादित नाही, हे दाखविण्यासाठी दुसऱ्या एका उदाहरणाचा संक्षेपाने निर्देश केला पाहिजे. बिल वॉल्टन हे कॅलिफोर्नियात जन्मलेले उंचनिंच खेळाडू. १९७३ साली विद्यापीठीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी २२ पैकी २१ प्रयत्न यशस्वी करून ४४ गुण मिळविले. १९७७ साली पोर्टलंडच्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. खेळाविषयीची त्यांची जाण असाधारण होती. परंतु वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत त्यांना तोतरेपणामुळे चारचौघांत बोलणे जमत नसे. एका समारंभात भेटलेल्या मार्टी ग्लिकमन यांनी त्यांना बोलण्याच्या काही मूलभूत सवयी सांगितल्या आणि त्यांचा सराव करून वॉल्टन यांनी वाणी कमावली. पुढे ते अमेरिकेतील अत्यंत वाचाळ, अतिशयोक्तिप्रिय आणि विषयांतरात रमणारे समालोचक म्हणून प्रसिद्ध झाले. २०२४ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले.

फ्रेझियर यांची शैली आकुंचनाची, वॉल्टन यांची प्रसरणाची. एक दोन शब्दांत सामना आवळतो, दुसरा एका पासवरून नद्या, पर्वत आणि संगीत यांच्या प्रदेशात जातो. तथापि दोघांच्याही बाबतीत एक गोष्ट समान आहे. मैदानावरील अनुभवाने त्यांना वाणी दिली नाही. अनुभव आधीच परिपूर्ण होता. वाणी नंतर, स्वतंत्र परिश्रमाने आली. एकाला शब्द हवे होते, दुसऱ्याला उच्चार. निक्सच्या आद्य निवेदकाने श्रोत्यांच्या कानांसाठी रुजविलेला ‘स्विश’ एकाच्या युग्मात आला आणि त्याच निवेदकाचा उपदेश दुसऱ्याच्या जिभेला वळण देऊन गेला. म्हणजे दोघेही ज्या भाषेत शिरले ती त्यांच्या आधी इतरांनी घडविलेली होती.

८

आरंभी मांडलेल्या प्रश्नाकडे आता परतता येईल. खेळलेल्या माणसाला खेळाविषयी बोलण्याचा अधिकार असतो, हे खरे. पण तो अधिकार म्हणजे सामर्थ्य नव्हे. सामर्थ्य शिकावे लागते, आणि शिकलेल्या भाषेवर शिकण्याच्या खुणा राहतात. त्या खुणांना कृत्रिमता म्हणून हिणवणे हे टीकेचे आळसाचे रूप होय. शब्द कमावलेला आहे की उपजत, हे विचारण्यापेक्षा तो कोणते काम करतो हे विचारावे. फ्रेझियर यांच्या सर्वोत्तम युग्मांत यमक हे घटनाक्रम धरून ठेवण्याचे साधन आहे, ग्रांथिक शब्द हे मूल्यनिर्णयाचे साधन आहे, आणि नादापुरती वाटणारी पुनरुक्ती हे अप्रिय सत्य सांगण्याचे साधन आहे. जेथे ही कामे थांबतात तेथे ती शैली केवळ लकब म्हणून उरते, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

मराठीतही निवृत्त खेळाडू समालोचकाच्या आसनावर बसत आहेत. कबड्डी आणि खो-खो यांसारख्या वेगवान खेळांचे समालोचन ध्वनिमुद्रित स्वरूपात अभ्यासकांना उपलब्ध होत आहे. या खेळांतील क्षणांच्या फटीत मराठी क्रियापद कसे आकुंचन पावते, जोडशब्द व अभ्यस्त शब्द तेथे कोणते काम करतात, आणि खेळाडूची बोली ध्वनिक्षेपकापुढे कोणते ग्रांथिक शब्द उसने घेते, हे प्रश्न पदव्युत्तर अभ्यासकांनी हाती घेण्याजोगे आहेत. ते हाती घेताना मात्र अनुभवी माणूस आपोआप बोलका होतो, ही समजूत प्रथम दूर ठेवावी लागेल.